हकलबरी फिन, २१९ वेळा आलेली एक शिवी आणि २०११ ची ती एडिशन

जानेवारी २०११ च्या पहिल्या आठवड्यात अमेरिकेत एक बातमी फिरली. अलाबामातल्या मॉन्टगोमेरीमधला न्यूसाउथ बुक्स नावाचा छोटासा पब्लिशर मार्क ट्वेनच्या 'टॉम सॉयर' आणि 'हकलबरी फिन' या दोन कादंबऱ्या एकाच पुस्तकात आणतोय आणि त्यातून काळ्या माणसांसाठीची ती शिवी, जिला तिकडे एन-वर्ड म्हणतात, ती साफ काढून त्या जागी 'स्लेव्ह' घातलंय. एकट्या हकलबरी फिनमध्ये २१९ वेळा. सोबत 'इंजन' या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांसाठीच्या हिणकस शब्दाचं 'इंडियन' पण केलं, म्हणजे टॉम सॉयरमधला खलनायक इंजन जो हा इंडियन जो झाला. पहिली छपाई साडेसात हजार प्रतींची, पुस्तक बाजारात यायचं होतं फेब्रुवारीत, पण त्याआधीच अर्ध्या जगाचं मत देऊन झालेलं, पेपरांनी अग्रलेख लिहिले, टीव्हीवरच्या कॉमेडीवाल्यांनी खिल्ली उडवली, आणि बहुतेकांनी अर्थातच पुस्तक उघडलेलं नव्हतं.

या प्रकरणाकडे बघायची सोपी रीत म्हणजे 'क्लासिकला हात लावला, सेन्सॉरशिप, निषेध' म्हणायचं आणि पुढच्या विषयाकडे जायचं. पण ज्यांनी हे केलं ते कोण होते ते बघितलं की ती सोपी रीत जरा अडखळते. एडिटर अॅलन ग्रिबन हे ऑबर्न युनिव्हर्सिटीच्या मॉन्टगोमेरी कँपसवरचे प्रोफेसर, ट्वेनवर आयुष्य घालवलेला माणूस. पब्लिशरच्या दोन मालकांपैकी एक रँडल विल्यम्स, हे आधी कू क्लक्स क्लॅनवर, म्हणजे काळ्यांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेवर, नजर ठेवणारा प्रोजेक्ट चालवायचे. म्हणजे वंशवाद झाकून ठेवायचाय म्हणून यांनी हे केलं असं म्हणणं सरळसरळ अन्याय होईल. चांगल्या हेतूच्या, विषय माहीत असलेल्या लोकांनी घेतलेला हा निर्णय होता, आणि तो मला तरीही चुकीचा वाटतो. का चुकीचा, आणि त्यावर तुटून पडलेल्यांचंही काय चुकलं, ते बघू.

आधी पुस्तक. वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात, वाचलं असेल त्यांनी हा भाग सोडला तरी चालेल. काळ साधारण १८३०-४० चा, जागा मिसुरी राज्यातलं मिसिसिपीच्या काठचं गाव, आणि मिसुरी हे गुलामीला परवानगी असलेलं राज्य. हक तेरा-चौदा वर्षांचा, आई नाही, बाप दारुडा आणि मारकुटा. बापाच्या तावडीतून सुटायला तो स्वतःच्या खुनाचा बनाव करून पळतो. त्याच वेळी मिस वॉटसन नावाच्या बाईंकडचा गुलाम जिम पण पळतो, कारण न्यू ऑर्लिन्सच्या व्यापाऱ्याकडून आपले आठशे डॉलर येतायत असं त्यानं ऐकलेलं असतं. दोघांची गाठ नदीतल्या बेटावर पडते आणि तराफ्यावरून प्रवास सुरू होतो. बेत असा की कैरो या नदीकाठच्या अमेरिकन गावापाशी ओहायो नदीला वळायचं आणि गुलामी नसलेल्या राज्यांत शिरायचं. पण रात्री धुकं पडतं, कैरो मागे राहतं, आणि तराफा दक्षिणेकडेच वाहत राहतो, म्हणजे स्वातंत्र्यासाठी निघालेला माणूस रोज थोडा थोडा गुलामीच्या पोटात खोल जातो. साहस, विनोद, राजा आणि ड्यूक म्हणवणारे दोन लबाड, खानदानी वैरातले खून हे सगळं या उलट्या प्रवासावर रचलेलं आहे.

आणि हकच्या डोक्यात काय चाललंय? तो काही गुलामीविरोधी वगैरे नाहीये. त्याला मनापासून वाटतं की जिमला पळून जायला मदत करणं म्हणजे मिस वॉटसनची चोरी, पाप. एकतिसाव्या प्रकरणात तो जिमचा पत्ता कळवणारं पत्र लिहूनही टाकतो, आणि लिहिल्यावर त्याला आयुष्यात पहिल्यांदा पापमुक्त झाल्यासारखं वाटतं. मग जिम आठवायला लागतो, रात्री स्वतःची पहाऱ्याची पाळी झाल्यावर हकला न उठवता त्याचीही पाळी करणारा जिम, आणि पोरगं पत्र फाडून टाकतं, ठीक आहे, मग जाईन नरकात. ट्वेननं पुढे स्वतःच म्हटलंय की या पुस्तकात धड हृदय आणि वाकडी सदसद्विवेकबुद्धी यांची टक्कर होते आणि सदसद्विवेकबुद्धी हरते. मुलाला समाजानं जे 'चांगलं' म्हणून शिकवलं तेच वाईट आहे आणि ते त्याला शेवटपर्यंत कळत नाही, तो आपल्या मते वाईटच वागतो. मला वाटतं हे एवढं एक जरी पोरांपर्यंत पोचलं तरी पुस्तक शिकवल्याचं सार्थक आहे.

ट्वेनला हे माहीत होतं कारण तो स्वतः तसाच वाढलेला. खरं नाव सॅम्युएल क्लेमेन्स, जन्म १८३५, मिसुरीतच. शाळेत असताना गुलामीत काही वाईट आहे हे आपल्याला ठाऊकच नव्हतं, चर्चमधूनही ती देवाला मान्य आहे असंच सांगायचे, हे त्यानं आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. आणि या सगळ्याचा एक धागा चक्क मुंबईत येतो. जानेवारी १८९६ मध्ये ट्वेन व्याख्यानांच्या जगदौऱ्यावर असताना मुंबईत वॉटसन्स हॉटेलात उतरला होता, काळा घोड्याजवळची ती लोखंडी सांगाड्याची इमारत, आता एस्प्लनेड मॅन्शन. तिथे कुणा धिप्पाड जर्मन माणसानं काहीतरी बिनसलं म्हणून हिंदुस्थानी नोकराच्या जबड्यावर फाडकन मारली, नोकर मुकाट्यानं सहन करून पुढच्या कामाला लागला. ट्वेन लिहितो की त्या एका फटक्यानं तो पन्नास वर्षं मागे गेला. आपल्याला काय हवंय हे गुलामाला समजावून सांगायची पद्धत हीच असायची हे तो विसरून गेला होता. त्याचे वडील त्याच्यावर उभ्या आयुष्यात दोनदाच हात टाकणारे मवाळ गृहस्थ, पण घरातल्या लुइस नावाच्या गुलाम पोराला बारीकसारीक चुकीसाठी फटके द्यायचे. आणि दहा वर्षांचा असताना त्यानं पाहिलेलं, एका माणसानं काम नीट केलं नाही म्हणून गुलामाच्या डोक्यात लोखंडाच्या खनिजाचा गोळा फेकला आणि तो गुलाम तासाभरात मेला. गावात कुणाला ते आवडलं नाही म्हणे, पण फार कुणी काही बोललंही नाही. ट्वेनच्या काळ्या माणसांबद्दलच्या प्रामाणिकपणावर शंका घेणाऱ्यांनी ही पानं जरूर वाचावीत, आणि त्याला संत ठरवणाऱ्यांनी पण, कारण विसरून गेलो होतो हे तो स्वतःच सांगतोय.

आता बंदीचा इतिहास, पण भराभर, कारण तो बराच हास्यास्पद आहे. पुस्तक इंग्लंडमध्ये डिसेंबर १८८४ ला आलं, अमेरिकेत फेब्रुवारी १८८५ ला, आणि मार्चमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्डच्या पब्लिक लायब्ररीनं ते बाहेर काढलं. वंशवादासाठी नाही हं, तर भाषा गावंढळ आहे, झोपडपट्टीच्या लायकीचं आहे म्हणून. ट्वेन खूश, आता पंचवीस हजार प्रती नक्की खपणार म्हणाला (पब्लिशिंग कंपनी त्याचीच होती). १९०५ मध्ये ब्रुकलिनच्या लायब्ररीत हरकत निघाली की हकला खाज सुटते आणि तो खाजवतो पण. ट्वेननं उत्तर दिलं की ही पुस्तकं मी निव्वळ मोठ्यांसाठी लिहिली होती, मुलांच्या हाती पडतात याचंच मला दुःख होतं, मला पण पंधराव्या वर्षाच्या आत अख्खं बायबल वाचायला लावलं होतं आणि त्यानंतर कुणाचं मन स्वच्छ राहत नाही. यातला खोडसाळपणा सोडला तरी 'मोठ्यांसाठी' हा भाग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. म्हणजे पहिली सत्तरेक वर्षं ओरडा करणारे गोरे सभ्य लोक होते आणि त्यांचा प्रॉब्लेम शिष्टाचाराचा होता.

शिवीचा मुद्दा ठळकपणे वर आला १९५० च्या दशकात, गोऱ्या-काळ्या मुलांच्या शाळा एकत्र करा असा सुप्रीम कोर्टाचा १९५४ चा निकाल आल्यानंतर. न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळानं १९५७ मध्ये खालच्या वर्गांच्या मंजूर यादीतून पुस्तक काढलं. त्याआधी १९५५ मध्ये सीबीएसनं टीव्हीवर हकलबरी फिन केलं त्यात तर जिमच नव्हता! गुलामीचा उल्लेखच नको म्हणून पात्रच उडवलं. आणि १९८२ मध्ये व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीत चक्क मार्क ट्वेनचंच नाव असलेल्या शाळेतले जॉन वॉलेस नावाचे काळे अधिकारी उभे राहिले आणि हे वंशद्वेषी कचरा आहे, मुलांना सक्तीनं वाचायला लावू नका म्हणाले. शाळेच्या समितीला ते पटलं, वरच्यांनी फिरवलं. वॉलेसनी मग स्वतःच ती शिवी वगळून एक एडिशन काढली. म्हणजे २०११ मध्ये जे आकाश कोसळलं म्हणून ओरडले त्यांना कल्पना नव्हती की हेच अठ्ठावीस वर्षांपूर्वी एका काळ्या माणसानं करून झालेलं आहे आणि तेव्हा आकाश जागेवरच राहिलं होतं.

ग्रिबन यांची बाजू अशी. ते अलाबामाभर लायब्रऱ्यांमधून टॉम सॉयरवर बोलत फिरत होते, आणि व्याख्यान संपलं की शाळेतले टीचर येऊन सांगायचे, सर, आम्हाला ही दोन्ही पुस्तकं शिकवायची आहेत पण आता शक्यच नाही. पालक तक्रार करतात, मुलं मान खाली घालून बसतात, प्रिन्सिपल म्हणतो कशाला झेंगट. ग्रिबन स्वतः कित्येक वर्षं क्लासमध्ये मोठ्यानं वाचताना ती शिवी आली की 'स्लेव्ह' म्हणूनच पुढे जायचे आणि ऐकणाऱ्यांचा श्वास सुटलेला त्यांना जाणवायचा. मग तेच छापलं तर काय बिघडलं, मूळ संहिता हवी त्यांना डझनावारी एडिशन उपलब्ध आहेतच, ही त्यांच्यासाठी नाही, जे एरवी हे पुस्तक हातातच घेणार नाहीत त्यांच्यासाठी आहे. ऐकायला बरोबर वाटतं. आणि जे लोक 'शब्द जसाच्या तसा हवा' म्हणून टेबल बडवत होते त्यातल्या किती जणांना तीस पोरांच्या वर्गात, ज्यात एकच काळं पोर आहे, तो शब्द मोठ्यानं वाचावा लागलाय हे पण विचारायला हवं.

पण मग ती बदललेली वाक्यं प्रत्यक्ष वाचून बघू या, कारण खरा घोटाळा तिथे आहे.

पंधरावं प्रकरण. धुक्यात चुकामूक होते, हक परत येतो आणि जिमची गंमत करायला म्हणतो मी कुठे गेलोच नव्हतो, तुला स्वप्न पडलं. जिमला लबाडी कळल्यावर तो शांतपणे सांगतो की तू गेलास समजून माझं काळीज फाटलं होतं, आणि तू मला फसवायचा विचार करत होतास. मित्राच्या डोक्यावर माती टाकणाऱ्याला कचरा म्हणतात असं सुनावून तो आत निघून जातो. हक म्हणतो, जाऊन माफी मागायला मनाची तयारी करायला मला पंधरा मिनिटं लागली, एका — आणि इथे ती शिवी — समोर नमतं घ्यायचं होतं ना. पण मी गेलो आणि मला त्याचा कधी पस्तावा झाला नाही. आता इथे 'गुलामा'समोर लिहिलं की वाक्य बसतं, व्याकरण ठीक, पण ती पंधरा मिनिटं कशाची होती ते निसटतं. हक हा कुणाचा मालक नाही, गावातलं सगळ्यात खालचं गोरं पोरगं आहे, अंगावर धड कपडा नाही. त्याच्याकडे जिमपेक्षा जास्त असं फक्त एकच आहे, कातडी. ती पंधरा मिनिटं तो कातडीचा माज उतरवायला घेतो, आणि तो माज त्या शिवीत आहे, 'गुलाम' या शब्दात नाही.

सहावं प्रकरण. हकचा बाप दारू पिऊन सरकारला शिव्या घालतोय. का, तर ओहायोहून आलेला एक काळा प्रोफेसर त्यानं पाहिला, पांढराशुभ्र शर्ट, सोन्याची घड्याळाची साखळी, चांदीच्या मुठीची काठी, अनेक भाषा येतात, आणि म्हणे त्याच्या स्वतःच्या राज्यात त्याला मत देता येतं. संपलं, बाप म्हणतो मी आता कधीच मत देणार नाही. हा माणूस स्वतंत्र आहे, गुलाम नाहीच आहे, पूर्ण विनोद त्याच्यावरच उभा आहे की चिखलात लोळणारा निरक्षर गोरा त्या विद्वान माणसाला विकायला काढा म्हणतोय. ती शिवी काढून सरसकट 'गुलाम' घातलं तर इथे काय उरतं? गुलामी ही कायद्यानं दिलेली स्थिती होती, ती १८६५ मध्ये कायद्यानं गेली. शिवी मात्र स्वतंत्र माणसालाही चिकटायची, गुलामी गेल्यावरही चिकटत राहिली, आणि पुस्तक लिहिलं गेलं त्या १८८० च्या दशकात तर जास्तच. एकाच्या जागी दुसरं ठेवलं की सगळं दुष्टपण आपोआप इतिहासात जमा होतं, असं वाटतं की गुलामी संपली म्हणजे विषयच संपला.

तिसरं, आणि माझ्या मते अख्ख्या पुस्तकातलं सर्वात भयंकर, बत्तीसावं प्रकरण. हक फेल्प्स कुटुंबाच्या शेतावर पोचतो, तिथली सॅली मावशी त्याला आपला भाचा टॉम सॉयर, म्हणजे हकचा मित्र, समजते, तो उशीर का झाला याची थाप मारतो की बोटीवर स्फोट झाला. अरे देवा, कुणाला लागलं का? नाही मावशी, एक ('ती' शिवी) मेला. बरं झालं बाई, कधी कधी माणसांना पण लागतं. एवढंच, तीन ओळी. सॅली मावशी प्रेमळ बाई आहे, लेकुरवाळी, देवभोळी, आणि ती हे बोलून जाते आणि पुढच्याच वाक्यात दुसरी कुठली तरी गोष्ट सांगायला लागते. हक हे नरकात जायचा निर्णय घेतल्यानंतर बोलतोय हेही विसरू नका, म्हणजे त्याचाही काही पूर्ण उद्धार वगैरे झालेला नाही, एका जिमपुरता झालाय. इथे मात्र मी मान्य करतो की 'स्लेव्ह' घातलं तरी अंगावर काटा येतोच, थोडा कमी येतो एवढंच.

या 'गुलाम' शब्दाचा विचार करताना मला राहून राहून जोतीराव फुले आठवले. 'गुलामगिरी' १८७३ चं, म्हणजे हकलबरी फिनच्याही अकरा-बारा वर्षं आधीचं, आणि ते जोतीरावांनी अर्पण केलंय युनायटेड स्टेट्समधल्या लोकांना, तिथल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी त्यांनी जे केलं त्याबद्दल. जोतीरावांनी इथल्या शूद्रातिशूद्रांच्या स्थितीला गुलामगिरी म्हटलं ते वाचणाऱ्याला टोचावं म्हणून, ज्याला सगळे धर्म आणि रीत म्हणत होते त्याला त्यांनी खरं नाव दिलं. तोच शब्द मॉन्टगोमेरीत २०११ मध्ये टोचू नये म्हणून वापरला गेला.

आता त्या वर्गातल्या एकट्या काळ्या पोराकडे येऊ, कारण एडिशनच्या विरोधकांनी त्याच्याकडे जवळजवळ बघितलंच नाही. काळ्या कादंबरीकार टोनी मॉरिसननी १९९६ मध्ये ऑक्सफर्डच्या एडिशनला प्रस्तावना लिहिली, त्यात त्यांनी सांगितलंय की लहानपणी हे पुस्तक वाचताना त्या अस्वस्थ झाल्या, घाबरल्या. पण ते शाळांतून काढायच्या प्रयत्नांबद्दल त्यांचं म्हणणं होतं की ही मोठ्यांची समजूत काढणारी सेन्सॉरशिप आहे, मुलांना शिकवणारी नाही. दोन्ही गोष्टी एकाच बाईनं एकाच लेखात म्हटल्यात, आणि लोक आपल्याला हवी ती अर्धी उचलतात. काळे कादंबरीकार राल्फ एलिसननी १९५८ मध्ये अजून बारीक बोट ठेवलं, की ट्वेननं जिमला त्या काळच्या मिन्स्ट्रेल शोच्या साच्यात बसवलंय, म्हणजे गोरे नट तोंडाला काळं फासून काळ्यांची टवाळी करायचे त्या तमाशाच्या, आणि त्या मुखवट्याच्या मागून जिमचा माणूसपणा दिसतो. दिसतो खरा, चौथ्या वर्षी स्कार्लेट फीवरनं बहिरी झालेल्या लेकीला न कळून मारल्याची आठवण सांगून रडणारा जिम कुठल्या टवाळीत बसत नाही. पण मुखवटा पण आहेच, आणि शिवी काढली तरी मुखवटा तिथेच राहतो. मूळ पुस्तकातली केंबल या चित्रकाराची चित्रं बघा, जिमची ती थट्टेखोर चित्रं. गंमत म्हणजे केंबलनं सगळ्या पात्रांसाठी, जिमसाठी सुद्धा, एकाच गोऱ्या पोराला मॉडेल म्हणून उभं केलेलं.

इथे एक कोर्ट केस सांगायलाच हवी, जी २०११ च्या वादात फारशी कुणी काढली नाही. अॅरिझोनातल्या टेम्पे इथे हायस्कूलच्या पहिल्या वर्षाच्या इंग्लिश क्लासला हकलबरी फिन लावलेलं. एका काळ्या विद्यार्थिनीच्या आईनं शाळेवर केस केली की या सक्तीच्या वाचनामुळे माझ्या मुलीला त्रास होतोय आणि शाळेत काळ्या मुलांना ती शिवी देणं वाढलंय. प्रकरण फेडरल अपील कोर्टात गेलं, १९९८ मध्ये निकाल आला. कोर्ट म्हणालं, पुस्तक सिलॅबसमधून काढायला आम्ही सांगणार नाही, विद्यार्थ्यांचा वाचायचा हक्क आहे. पण, आणि हा पण फार मोठा आहे, मुलांना वंशावरून त्रास दिला जातोय हे माहीत असून शाळेनं काही केलं नाही ही तक्रार मात्र चालू शकते. पुस्तकात काय छापलंय हा एक प्रश्न आणि कॉरिडॉरमध्ये त्या मुलीला कोण काय म्हणतंय हा दुसरा, असं कोर्टानं वेगळं काढून दाखवलं. ग्रिबन यांनी पहिल्या प्रश्नावर हत्यार चालवलं, दुसऱ्यावर कुठल्याच एडिटरला चालवता येत नाही, ते काम टीचरचं आणि प्रिन्सिपलचं. आणि त्यांचे विरोधक पहिल्याच प्रश्नावर जिंकून घरी गेले.

मार्च २०११ मध्ये सीबीएसच्या '६० मिनिट्स'नं या वादावर कार्यक्रम केला, त्यात काळे कादंबरीकार डेव्हिड ब्रॅडली म्हणाले की हा शब्द म्हणजेच शिकवायची जागा आहे, तो काढला तर शिकवायचं काय. पटतं. पण ब्रॅडली ऑरेगनमध्ये युनिव्हर्सिटीत शिकवायचे, तिथली पोरं मोठी असतात. पुन्हा ट्वेनचंच ते, मोठ्यांसाठी लिहिलंय. आपण मुलगा नायक आहे म्हणून हे मुलांचं पुस्तक धरून चालतो, टॉम सॉयर तसं आहे पण, पण हक तसं नाही. टॉम सॉयरमध्ये गुलामी जवळजवळ पार्श्वभूमीला आहे, कुंपण रंगवणं, गुहा, खजिना, आणि त्याच गावात माणसं विकली जातात हे त्या पुस्तकाला जाणवतच नाही. दोन्ही एका बाइंडिंगमध्ये घालून सातवी-आठवीच्या पोराला द्यायचं हीच मुळात न्यूसाउथची गडबड, शब्द नंतर.

आणि शेवट! माझा खरा राग यावर आहे की २१९ शब्दांवर इतकं रान उठलं आणि शेवटच्या दहा-अकरा प्रकरणांबद्दल कुणी ब्र काढला नाही. जिमला चाळीस डॉलरला विकलं जातं, तो फेल्प्सच्या शेतावरच्या खोपटात साखळीला बांधलेला आहे, हक त्याला सोडवायला आलाय, आणि तिथे टॉम उपटतो. टॉमला सोडवणूक स्टाइलमध्ये हवी, कादंबऱ्यांत असते तशी. म्हणून दार उघडायचं सोडून भुयार, दोरीची शिडी, खोपटात उंदीर साप कोळी सोडायचे, जिमनं रक्तानं शर्टावर डायरी लिहायची. आठवडेच्या आठवडे. आणि हक, नरकात जायला तयार झालेला हक, टॉमच्या मागे मान हलवत जातो. शेवटी कळतं काय, तर मिस वॉटसन दोन महिन्यांपूर्वीच वारल्या आणि मृत्युपत्रात त्यांनी जिमला मोकळं केलंय, आणि हे टॉमला पहिल्यापासून माहीत होतं. टॉम जिमला चाळीस डॉलर देतो आणि जिम खूश. अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वेनं १९३५ मध्ये सगळं आधुनिक अमेरिकन साहित्य या एका पुस्तकातून निघालं म्हटलं ते सगळे सांगतात, पण त्यानं त्याच दमात सांगितलेलं की जिमला चोरतात तिथे थांबा, पुढची निव्वळ फसवणूक आहे.

मला ती फसवणूक वाटत नाही, किंवा असली तरी वाचण्यासारखी आहे. ट्वेननं पुस्तक १८७६ मध्ये सुरू केलं, बाजूला ठेवलं, १८८२ मध्ये परत मिसिसिपीवरून फिरून आला आणि १८८३ मध्ये संपवलं. मधे १८७७ मध्ये, यादवी युद्धानंतर दक्षिणेत ठेवलेलं फेडरल सैन्य मागे घेतलं गेलं, आणि कागदावर स्वतंत्र असलेल्या काळ्यांना कैदी मजूर करून, कर्जात अडकवून, मतदानाला आले तर गोळ्या घालून पुन्हा जवळजवळ तिथेच नेऊन बसवलं. आधीच मोकळा असलेला माणूस साखळीत, आणि त्याला मोकळं करायचा खेळ खेळणारी गोरी पोरं, हे ट्वेनला मुद्दाम सुचलं की हातून झालं यावर अभ्यासक भांडत बसोत. एवढं खरं की पुस्तक आलं त्याच वर्षी, डिसेंबर १८८५ मध्ये, त्यानं येल लॉ स्कूलच्या डीनला वॉर्नर मॅकगिन या काळ्या विद्यार्थ्याचा खर्च उचलण्याबद्दल पत्र लिहिलं, त्यात म्हटलं की यांच्यातलं माणूसपण आपण चिरडलंय, लाज आपली आहे, त्यांची नाही, आणि भरपाई आपण करायला हवी. मॅकगिन पुढे बॉल्टिमोरमध्ये वकील झाले.

प्रकरणाचं पुढे काय झालं? विशेष काही नाही. न्यूसाउथनं ग्रिबन यांच्याकडूनच मूळ संहितेची एडिशन पण काढून घेतली. शाळांमधली भांडणं थांबली नाहीत, डिसेंबर २०१६ मध्ये व्हर्जिनियातल्या अॅकोमॅक काउंटीत एका पालकांच्या तक्रारीवरून पुस्तक बाजूला काढून थोड्याच दिवसांत परत ठेवलं. आणि २०२४ मध्ये पर्सिव्हल एव्हरेट या काळ्या कादंबरीकारानं 'जेम्स' लिहिली, तीच गोष्ट जिमच्या तोंडून. त्यातला जेम्स गोऱ्यांसमोर मुद्दाम मोडकंतोडकं बोलतो आणि आपल्या लोकांत स्वच्छ, आणि मुलांना शिकवतो पण की मालकासमोर बावळट कसं दिसायचं. म्हणजे एलिसनचा मुखवटा, पण आता मुखवट्यामागचा माणूसच बोलतोय. नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं, २०२५ मध्ये पुलित्झर.

टीचरनं करायचं काय, हा ग्रिबन यांना भेटलेल्या लोकांचा प्रश्न मात्र खराच होता आणि त्याला उत्तर द्यायला हवं. मी म्हणेन अकरावीच्या आत लावूच नका. लावलं तर शब्द छापील राहू दे, मोठ्यानं वाचायची सक्ती कुणावर नको, टीचरवर पण नको, आणि काळ्या पोराकडे 'तुला कसं वाटतं' म्हणून वळून बघणं तर अजिबात नको. आणि सोबत गुलामीतून पळून सुटलेल्या फ्रेडरिक डग्लस यांचं १८४५ चं आत्मकथन लावा, छोटंसं आहे. गुलामीतल्या मुलाचं बालपण तिथे त्यानं स्वतः सांगितलंय. बॉल्टिमोरला मालकिणीनं अक्षरं शिकवायला घेतली आणि नवऱ्यानं थांबवल्यावर हा पोरगा निरोपावर जाताना खिशात पाव घेऊन निघायचा आणि रस्त्यावरच्या गरीब गोऱ्या पोरांना तो देऊन त्यांच्याकडून वाचायला शिकायचा. हकसारखीच पोरं ती, उपाशी, अनवाणी, आणि डग्लस सांगतात की गुलामीबद्दल बोललो तर त्यांना वाईट वाटायचं. त्यांची नावं मात्र ते देत नाहीत, कारण गुलामाला वाचायला शिकवणं तेव्हा जवळजवळ अक्षम्य गुन्हा धरला जायचा आणि त्या पोरांना त्यावरून अडचण नको.